कमरेइतक्या उंचीवरचे खिळे

रुतिलियाने आमच्या निचोकडे हातोडी मागितली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जी बाई भिंतीला एक खिळा मारायचा तर आठवडाभर विचार करते, तिला एकदम मूठभर खिळे कशाला लागावेत? निचो म्हणजे माझा नवरा. त्याला कशाचीच शंका येत नाही. तो हातोडी घेऊन गेला, खिळे मारून आला आणि हॅमॉकमध्ये आडवा झाला. म्हणून घरावर आणि गल्लीवर लक्ष मलाच ठेवावं लागतं.

रुतिलियाचं दार आमच्या दारासमोर, मध्ये फक्त दगडी रस्ता. माझा पुपुसांचा तवा दारातच असतो. मक्याचं पीठ हातावर थापायचं, आत चीज भरायचं, भाकरीसारखं तव्यावर टाकायचं आणि मान वर करायची, की समोर रुतिलियाची बैठकीची खोली. तिच्या खिडकीला कधी पडदा नव्हता. तिच्याकडे काय शिजलं, कोण आलं, ती कुणावर रागावली, मला सगळं ठाऊक असायचं. आणि ती काही नुसती शेजारीण नाही. तिच्या विल्बरला बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातांवर धरलं, मी त्याची धर्ममाता, मद्रिना. म्हणजे ती माझी कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी भांडलं तर आमच्या सुचितोतो गावात कुणी विचारत नाही. कोमाद्रेशी भांडलं तर गाव तोंडात शेण घालतं.

रुतिलिया कापड निळीत रंगवते. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. कापडाला गाठी मारायच्या, निळीच्या पिंपात बुडवायचं, वर काढायचं, वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं. शेवटी कापड इतकं गर्द होतं की संध्याकाळी ते काळंच वाटावं. गाठी सोडल्या की आत पांढरी नक्षी. राजधानीतल्या बायका गाडीतून येतात, असले नेव्ही ब्ल्यू पडदे चौकटीत ताणून घेतात आणि आपल्या बैठकीत लावतात. रुतिलियाच्या स्वतःच्या घरात मात्र निळ्याचा ठिपका नव्हता. आंब्याच्या रंगाच्या भिंती, औषधांच्या दुकानाचं कॅलेंडर, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र, प्लास्टिकचे गुलाब आणि विल्बरचा शाळेतला फोटो. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, दिवसभर तेच बघते, घरी आल्यावर डोळ्यांना सुट्टी नको?

घरात निळं होतं ते एकच, तिचे हात. वर्कशॉपची मालकीण रबरी मोजे घाल म्हणून सांगून थकली. ही घालायची नाही, हातांना घाम येतो म्हणायची. नखांपासून मनगटाच्या वरपर्यंत निळसर काळे हात, साबणाने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत. त्यावरून मी तिला चिडवायचे. पुपुसा घ्यायला माणसं जमली की मी म्हणायचे, "कोमाद्रे, तुझे हात आधीच वर गेलेत, तू सावकाश मागून जा." लोक हसायचे. तीही हसायची आणि हात ॲप्रनखाली घ्यायची.

तर खिळ्यांचं. मी निचोला विचारलं, काय टांगतेय ती? म्हणाला, माहीत नाही, सगळं उतरवून ठेवलंय, कॅलेंडर, चित्र, विल्बरचा फोटोसुद्धा. खिळे प्रत्येक खोलीत मारायला लावले. काही वर आणि काही खाली.

"खाली म्हणजे किती खाली?"

"कमरेइतक्या उंचीवर," निचो म्हणाला. "मी विचारलं, इतक्या खाली चित्र कोण लावतं? तर म्हणाली, तू मार."

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला पडदा लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तव्यावरची पुपुसा जाळली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. दिवे लागायच्या वेळी मी वाटीभर कोबीचं लोणचं घेतलं आणि समोर गेले. तिने दार अर्धंच उघडलं आणि वाटी दारातच घेतली. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून मला जे दिसायचं ते दिसलं. समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळं कापड. खुर्च्या भिंतीला लावून रांगेत. कापडापुढे टेबल, टेबलावर विल्बरचा फोटो, आणि फोटोपुढे पाण्याने भरलेला ग्लास.

आमच्यात पोरालाही कळतं हे काय आहे. घरातलं माणूस गेलं की नऊ दिवसांची नोव्हेना घालतात. समोरच्या भिंतीला काळं कापड, त्यापुढे फोटो आणि आत्म्याला तहान लागली तर म्हणून पाणी. लोक येतात, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसतात, प्रार्थना म्हणतात. आणि पुरायच्या आधी शवपेटी तिथेच ठेवतात, दोन स्टुलांवर. ती कुठवर येते? कमरेइतकी.

मी घरी आले आणि पायरीवर बसले. माझा विल्बर. सरहद्द ओलांडून उत्तरेला कामाला गेला तेव्हा ओठांवर नुसती लव होती. तिकडे घरं रंगवतो, लग्न झालं, एक मुलगी झाली. कुठेही असला तरी माझ्या वाढदिवसाला फोन करायचा आणि मुद्दाम बेसूर गायचा. या वर्षी फोन आला नव्हता. मी केला तर उचलला नाही. पुन्हा केला, तर नुसतं वाजत राहिलं. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या होत्या. आता त्या एकेक करून मागे घेत बसले.

निचो म्हणाला, उगाच काहीतरी. मुलगा गेला असता तर ती रडली नसती का? तिने काय केलं असतं ते तो मला सांगत होता. तिचा नवरा युद्धात गेला तेव्हा ती कितीतरी महिने कुणाला काही बोलली नव्हती. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून चर्चमध्ये मिस्सा नाही, घरी नोव्हेना नाही. रोज त्याच्या वाट्याचे बीन्स शिजवायची आणि आम्ही विचारलं की म्हणायची, बरा आहे, डोंगरात आहे. ज्या बाईने नवऱ्याचं मरण गिळलं, ती मुलाचं गिळणार नाही?

तरी मी तिला एक संधी दिली. ती दुकानातून गोड पाव आणि कॉफी घेऊन येत होती, भरपूर कॉफी, एकट्या बाईला महिनाभर पुरेल इतकी. मी तव्याशेजारूनच विचारलं, कोणी येणार आहे का?

"येतील थोडे."

"कोण?"

"आले की कळेलच तुला. ओर्बेलिना, रविवारसाठी तमाल करशील? कोंबडीचे, मोठं पातेलंभर."

केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल आणि कॉफी. नोव्हेनाच्या जेवणाला दुसरं काय असतं? मी पीठ लागलेले हात पुसले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. "विल्बर कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता कॉफीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नवऱ्याच्या वेळीही हेच शब्द होते.

खरं सांगते, दुःखाहून मला राग जास्त आला. मी त्याची धर्ममाता. त्याचं डोकं पाण्याखाली धरताना तो माझ्या अंगावर मुतला होता. आणि त्याच्यासाठी रडायला मला बोलावणं नाही, फक्त तमालची ऑर्डर? ठीक आहे, म्हटलं. ती सांगत नसेल तर नको. पण माझा पोरगा प्रार्थनेवाचून जायचा नाही.

मी निन्या क्लोतिल्देकडे गेले. तिचे केस पांढरेशुभ्र आहेत, तरी मानाने आम्ही तिला निन्या, म्हणजे मुलगी, म्हणतो. गावात कुणीही गेलं की नोव्हेना तीच म्हणवते. तिला ऐकू कमी येतं, पण एकदा प्रार्थना सुरू केली की तिला देवसुद्धा मध्ये थांबवू शकत नाही. मी तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तिने छातीवर क्रूस केला आणि गल्लीतल्या बायकांना निरोप पाठवला. रविवारी चार वाजता, काळे कपडे.

रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात तमाल चुलीवरून उतरवत होते, तेव्हा समोर पिकअप थांबल्याचा आवाज आला. पातेलं सोडून जाता येईना. पुढे आले तोवर पिकअप गेलेली, दार बंद. हॅमॉकमधून निचो म्हणाला, काहीतरी जड उतरवलं, लांबट खोकं होतं, पुरुषांनी मिळून आत नेलं. पुरुष कोण होते? त्याने बघितलं नव्हतं, टोपी डोळ्यांवर होती. मी आत जाऊन काळा स्कर्ट घातला.

चार वाजता आम्ही निघालो. पुढे निन्या क्लोतिल्दे काळी शाल डोक्यावरून घेऊन, हातात जपमाळ आणि तीर्थाची बाटली. मागे मी लिलीची पांढरी फुलं घेऊन, आणि माझ्यामागे सगळी गल्ली. निचो पातेलं घेऊन शेवटी. मी दार ठोठावलं. रुतिलियाने उघडलं. नवा ब्लाउज, विंचरलेले केस, हात ॲप्रनखाली. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. निन्या क्लोतिल्दे तिला मिठी मारून सरळ आत शिरली आणि म्हणायला लागली, "हे प्रभू, तुझ्या सेवकाला, विल्बरला, चिरशांती दे."

आतल्या खोलीतून विल्बर बाहेर आला. पोट सुटलेला, ओल्या केसांचा, गळ्यात टॉवेल. आमचे काळे कपडे बघून तो जागीच थबकला.

"मद्रिना," तो मला हळूच म्हणाला, "कोण गेलं?"

"तू," मी म्हणाले.

फुलं माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही. मी त्याचा चेहरा चाचपला, दाढीचे खुंट चाचपले, मग एक थोबाडीत दिली आणि मग रडले. त्याच्यामागे ते लांबट खोकं होतं. आईसाठी टीव्ही आणला होता. फोटोपुढच्या ग्लासात रुतिलियाचे प्लास्टिकचे गुलाब खोचलेले होते. आणि आता माझी नजर भिंतींवर गेली. काळं काहीच नव्हतं. गर्द निळं होतं, आणि त्यात पांढरी नक्षी. तळ्यातले मासे, मक्याची कणसं, पावसाची वर्तुळं. आतल्या खोलीत, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तेच. आंब्याचा रंग कुठे कुठे डोकावत होता एवढंच. आणि कमरेइतक्या उंचीवर, अगदी खाली लावलेल्या कापडांवर पंजे होते. निळ्यात उमटलेले पांढरे पंजे, बोटं पसरलेले. आकारावरून मी ओळखले, रुतिलियाचेच.

मग मला खिडकीजवळ मुलगी दिसली. पडदा मुठीत धरून भिंतीला चिकटून उभी. पांढरे मोजे, दोन वेण्या, विल्बरचंच नाक. ती आजीकडे बघत होती, आणि तिच्या ॲप्रनकडे बघून पुन्हा नजर वळवत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी रुतिलियाला विचारलं. "मी तुझी कोण?"

"फोनवर माझे हात दिसले की ती रडते," रुतिलिया म्हणाली. आवाज इतका खाली की मला जवळ जावं लागलं. "म्हणते, आजीचे हात मेलेल्या माणसाचे आहेत. म्हटलं, सगळं घरच माझ्या हातांच्या रंगाचं केलं तर तिला भीती वाटणार नाही. तिच्या उंचीवर पंजे लावले, तिने हात लावून बघावा म्हणून. दुपारपासून ती तिथेच उभी आहे. ती माझ्याजवळ आली नसती, तर ते गल्लीने बघायला नको होतं. तुला फोन करू नको आणि तुझा घेऊही नको, असं विल्बरला मीच सांगितलं. तुझ्या तोंडून तो हातांचा विनोद निघाल्याशिवाय राहिला नसता, ओर्बेलिना."

मी वाकून पडलेली फुलं गोळा करायला लागले.

इकडे निन्या क्लोतिल्देला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. मेलेला माणूस टॉवेल घेऊन समोर उभा आहे हेही तिने बघितलं नव्हतं, तिचे डोळे मिटलेले होते. तिचा आवाज चढत गेला, मागच्या बायका सवयीने साथ देऊ लागल्या. शाल डोक्यावर, बाटलीतलं तीर्थ भिंतींवर शिंपडत ती खोलीभर फिरत निघाली, आणि फिरत फिरत थेट खिडकीकडे.

मुलगी किंचाळली. पडदा सोडून धावली. विल्बर आतल्या दाराशी, आमच्या काळ्या घोळक्यापलीकडे. जवळ होती ती फक्त आजी. मुलीने तिच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं, आत हात घातला आणि हाताला लागलं ते दोन्ही मुठींनी घट्ट धरलं.

रुतिलिया हलली नाही. श्वाससुद्धा घेतला की नाही कोण जाणे. त्या दोन गोऱ्या मुठींतून तिची निळी बोटं बाहेर आली होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

भिंतीशी पोचल्यावर निन्या क्लोतिल्देने डोळे उघडले. तिला विल्बर दिसला. तोंड उघडंच राहिलं, आणि प्रार्थना थांबली. खोली शांत झाली. मुलीने ॲप्रनमधून हळूच एक डोळा बाहेर काढला, आणि तिच्या मुठी सैल व्हायला लागल्या.

मी निन्या क्लोतिल्देच्या बरगडीत कोपर खुपसलं आणि तिच्या कानात ओरडले, "थांबू नका. पुढे म्हणा."

ती म्हणायला लागली. बायकांनी साथ दिली, मीही दिली, सगळ्यांत मोठ्याने. विल्बर टॉवेल गळ्यात घेऊन स्वतःच्या नोव्हेनाला मान खाली घालून उभा राहिला. आम्ही पहिल्या दिवसाची पूर्ण प्रार्थना म्हटली. तमाल गार झाले.