सांडशी घालायची, नाक नाही

वझलवारताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या घरच्या कचऱ्यात सांडशी घालून बसल्या होत्या. दुधाचं पातेलं उतरवायला असते ना, तशीच साधी सांडशी. सोनागिरीतल्या त्या चार मजली इमारतीत मी आणि आई राहायला येऊन जेमतेम एक दिवस झाला होता. फाटकाशी स्टूल टाकून बसलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई आमच्या बादलीतून एकेक वस्तू वर काढत होती आणि विहिरीतला गाळ उपसावा तशी बाजूला ठेवत होती.

"काय भोचक बाई आहे," मी आईला म्हणाले. भोपाळमध्ये मराठीतून चारचौघांत काहीही बोलून घेता येतं, अशी माझी समजूत होती.

"भोचक नाही, नागपूरची आहे," ताई मान वर न करता म्हणाल्या. "चहाचा चोथा ओल्यात टाकत जा. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात. आणि सामान उघडून झालं असेल तर आता चहाला या. चौथा मजला, डावीकडचं दार."

कचरा वेगळा केला नाही की महापालिकेची माणसं नोटीस देत. म्हणून आमच्या सोसायटीने तपासणीचं काम कोणावर तरी सोपवायचं ठरवलं, आणि जे काम कोणालाच नको असतं ते नेहमी एकट्या माणसाकडे येतं. राजधानी भोपाळला हलली तेव्हा ताईंचे वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. ताईही त्याच कचेऱ्यांत नोकरी करून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. भावंडं होती, पण कोणी पुण्याला तर कोणी परदेशात. "माझं काय, घरी बसून तरी काय करून राहिले होते," असं म्हणत त्यांनी सांडशी हातात घेतली. सफाईचं काम करणारा संतोष दारादारातून बादल्या खाली आणायचा, ताई त्या तपासायच्या, मग गाणं वाजवत गाडी यायची. रिकामी बादली संतोष परत दाराशी ठेवायचा आणि बेल वाजवून जायचा.

आता ज्या बाईला अख्ख्या इमारतीचा कचरा दिसतो, तिला काय दिसत नाही? दुसऱ्या मजल्यावरच्या चौबेजींच्या घरी घरच्यांची नजर चुकवून बाटल्या येतात, हे ताईंना माहीत होतं. त्या बाटल्यांवर वर्तमानपत्र पसरायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "भैयाजी, काँच अलग से दिया करो." भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या कचऱ्याबद्दल सोसायटीचे सचिव सक्सेनाजी खोदून खोदून विचारायचे. मुली काय खातात, काय पितात, कोण येतं जातं. ताई त्यांना केळीची सालं आणि मॅगीची पाकिटं याशिवाय काही सांगत नसत. एकदा सक्सेनाजी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "भाईसाहब, मैं गीला-सूखा देखती हूँ. अच्छा-बुरा देखनेवाला ऊपर बैठा है."

मला त्या म्हणायच्या, "मेधा, सांडशी घालायची, नाक नाही घालायचं. कचरा खोटं बोलत नाही, म्हणून त्याला बोलू द्यायचं नाही." शाळेत शिकवायला लागल्यापासून मी पुष्कळ सुविचार फळ्यावर लिहिलेत. हा कधी लिहिला नाही, पण लक्षात तेवढा एकच राहिला.

त्या सुमाराला आईचं दुखणं सुरू झालं. तिला लघवीवर ताबा राहीना, आणि मोठ्या माणसांचे डायपर वापरावे लागले. माझी आई इंदूरची. खळ घातलेल्या साडीशिवाय ती कधी दारातसुद्धा उभी राहिली नव्हती. ती मला म्हणाली, "हे या घराबाहेर गेलं तर मी पुन्हा कोणाला तोंड दाखवणार नाही." आणि तिने खरंच जिना उतरणं बंद केलं. डायपरची पुडी मात्र ती स्वतः बांधायची. तिच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. तिथे शिकलेली चौकोनी पुडी, कोपरे आत दुमडलेले, वरून दोरा दोनदा फिरवून मधोमध गाठ. आत काय आहे ते माहीत नसतं तर कोणीही ती प्रसादाची म्हणून कपाळाला लावली असती.

नियमाप्रमाणे त्या पुड्या डायपर-पॅडसाठीच्या वेगळ्या लाल डब्यात टाकायच्या. पण लाल डबा दाराबाहेर ठेवला की मजल्यावर सगळ्यांना कळणार. म्हणून मी त्या स्कूटरच्या डिकीत घालून शाळेत जाताना बाहेर कुठेतरी टाकायच्या ठरवल्या. पण शहर स्वच्छ ठेवायचं म्हणून रस्त्यावरच्या कचराकुंड्याच उचलून नेलेल्या. पिपलानीत नाही, बसस्टॉपवर नाही. एका रविवारी मी पार जवाहर चौकापर्यंत गेले, रुमाल घेतले, पेरू घेतले, आणि पुड्या घेऊन तशीच परत आले. चोरीचा माल घेऊन फिरावं आणि कोणी विकत घेऊ नये, तसं झालं होतं.

फाटकाशी ताई होत्या. त्यांनी एकदा डिकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"फिरवून आणलंस का?" त्या म्हणाल्या. "दे इकडे. माझ्या लाल डब्यात टाकते. माझं म्हणून जाईल."

"ताई, लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणायला येतंय कोण माझ्याकडे? आणि हे बघ, आईंना सांगू नको. त्यांना वाटू दे तू शाळेत टाकतेस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पुडी पिशवीत घालून चौथ्या मजल्यावर जाऊ लागले. पुडी द्यायला एक क्षण पुरे, पण ताईंनी चहाचं आधण आधीच ठेवलेलं असायचं. त्यांच्या घरात दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीवर नेहमी इस्त्रीचे कपडे असायचे. मी जायला लागल्यावर ते कपडे तिथून हलले. त्या बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. शाळेतल्या भांडणांत त्यांना इतका रस असायचा की आमच्या मुख्याध्यापिकेला न पाहताच त्या तिच्यावर चिडून असत. मला त्या घरी जायला आवडायचं. आई झोपलेली असताना मला तरी कोण होतं बोलायला.

मग सक्सेनाजींनी नवीन टूम काढली. प्रत्येक घराच्या कचऱ्याचा फोटो घर क्रमांकासह सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, म्हणजे लोक आपोआप सुधारतील. फोटो ताईंनी काढायचे. सभेत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर का कूड़ा घर की बात है. मैं हाथ लगाती हूँ, फोटो नहीं खींचूँगी." सक्सेनाजी गोड हसले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी स्टुलावर चौकीदार बसला होता, मोबाइल घेऊन. ताईंची सांडशी परत दुधाच्या पातेल्याकडे गेली.

ग्रुपवर आलेला पहिलाच फोटो ताईंच्या लाल डब्याचा होता. पुडी फोडून ठेवलेली, आणि तिच्याजवळ एक न फोडलेली. खाली सक्सेनाजींनी लिहिलं होतं, "ताईजी, अपनी सेहत का ध्यान रखें." आणि हात जोडल्याची खूण.

त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण लोक ताईंशी मोठमोठ्याने बोलायला लागले, जणू त्यांना ऐकूही येत नव्हतं. गणपतीचे दिवस होते. खाली मंडपात आरतीला ताई आल्या, तेव्हा सक्सेनाजींच्या बायकोने लगबगीने पुढे होऊन त्यांच्या खुर्चीवर प्लॅस्टिकचं कापड पसरलं आणि मग म्हणाली, "बैठिए ताईजी." ताईंनी त्या कापडाकडे पाहिलं आणि बसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत पुटपुटल्या, "गप. आईंनी जिना उतरणं सोडलंय, जेवण सोडायला नको."

घरी येऊन मी रडले. आईने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. पण माझा फोन टेबलावर होता, आणि इतर वेळी त्याला हातही न लावणाऱ्या आईने तो उचलून पाहिला. तिने त्या फोटोतली न फोडलेली पुडी ओळखली. दुमडलेले कोपरे, दोनदा फिरवलेला दोरा. आपल्या हातची पोळी जशी बाईला हजारात ओळखू येते, तशी.

"ही माझी पुडी आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने खळ घातलेली साडी काढायला सांगितली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी थांबत, किती तरी महिन्यांनी ती जिना उतरली. मंडपात ताईंची खुर्ची ठेवली होती, वर प्लॅस्टिक पसरलेलं. ताई अजून आल्या नव्हत्या. आई सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, आणि सक्सेनाजींच्या बायकोला म्हणाली, "ये मेरे लिए बिछाया है ना? ठीक किया. वो पुड़िया मेरी थी. ताई तो बस मेरी लाज ढो रही थीं."

चौबेजींनी सगळ्यांत आधी मान खाली घातली. मग सक्सेनाजी उठून निरांजनातली वात सारखी करायला गेले, ती सारखीच होती. तेवढ्यात ताई आल्या. काय घडलं ते त्यांना सांगावं लागलं नाही, आईला त्या खुर्चीवर पाहूनच कळलं.

मला वाटलं होतं, दोघी एकमेकींचे हात धरतील. ताईंचा चेहरा मात्र उतरला. "वसुधाताई, कशाला बोललात?" त्या म्हणाल्या. "माझं चाललं होतं की."

फोटो बंद झाले. आई परत माणसांत आली. आमचा लाल डबा आता उजळ माथ्याने दाराबाहेर बसू लागला. पहिल्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळी मी चौथ्या मजल्यावर गेले, तर ताई दार अर्धं उघडून म्हणाल्या, "आज काय काम काढलंस?" चहाचं आधण होतंच. पण त्या दोन घोट घेऊन म्हणाल्या, "आता तुला पुडी आणायची नसते. नुसतं म्हातारीसाठी जिने चढू नको. उगाच कोणावर माझं ओझं नको." मी जात राहिले. पण कामासाठी येणारी मेधा त्यांना चालत होती, दया करायला येणारी चालत नव्हती, आणि मी दया करत नाही हे त्यांना कसं पटवावं ते मला कधीच कळलं नाही. मी आले की त्या मलाच बजावायच्या, आई एकटी असेल, जा. इस्त्रीचे कपडे हळूहळू परत त्या खुर्चीवर आले.

थंडी पडली. ताईंच्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीत रोज मटाराची टरफलं दिसू लागली, काठोकाठ. एकट्या बाईला इतके मटार लागतात तरी कशाला? मग एकदा सोनागिरीच्या भाजीबाजारात त्या मला दिसल्या. भाजीवाली मटार सोलत बसली होती, आणि ताई तिच्या पायाशी पडलेली टरफलं पिशवीत भरत होत्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"गाईला नेताय?" मी विचारलं. मी त्यांना एक पळवाट देत होते.

ताईंनी ती घेतली नाही. "माझा कचरा होतच नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन घास भात, एक केळं. बादली बाहेर नाही ठेवली तर संतोष पुढे निघून जातो. ठेवली की परत आणून देतो, बेल वाजवतो. मी दार उघडते, तो म्हणतो, 'ताईजी, नमस्ते.'" त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "रोज कोणीतरी बेल वाजवावी. नाही उघडलं, तर निदान कळेल."

मी तिथे भर बाजारात त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाल्या, "सांडशी घातलीस, आता नाक काढ." आणि हसल्या. मी त्यांच्या घराची एक किल्ली मागून घेतली. तेवढी मात्र त्यांनी दिली.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी संतोष आमच्या दाराशी आला. त्याच्या हातात ताईंची हिरवी बादली होती, भरलेली; ती त्या रात्रीच बाहेर ठेवायच्या. "दीदी, आज मैंने उठाते समय ही घंटी बजा दी, नमस्ते करने. ताईजी दरवाज़ा नहीं खोल रहीं." त्याने दोनदा, तीनदा बेल वाजवली होती. मी किल्ली घेऊन वर गेले. ताई खुर्चीत होत्या, शाल पांघरलेली, चष्मा हातात. डॉक्टर म्हणाले, झोपेतच असेल. त्यांना वाटत होतं तसंच झालं. कळलं. दोन-चार दिवसांनी वास येऊन नाही, सकाळीच कळलं. त्यांना एवढंच हवं होतं, आणि ते त्यांनी टरफलं वेचून मिळवलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

खाली माणसं जमली. चौकीदारही वर आला आणि दाराशी ठेवलेल्या बादलीत सवयीने डोकावू लागला. मी घरातून वर्तमानपत्र आणलं आणि बादलीवर पसरलं, ताई चौबेजींच्या बाटल्यांवर पसरायच्या तसं.

संतोष बादली उचलता उचलता थांबला. त्याचे डोळे लाल झाले होते. "दीदी," त्याने विचारलं, "रोज इतना मटर... ताईजी के यहाँ बहुत मेहमान आते थे?"

"हाँ," मी म्हणाले. "रोज आते थे."

त्याने मान डोलावली आणि वर्तमानपत्र न सरकवता ती बादली खाली गाडीत रिकामी केली. मग धुऊन वर आणली, ताईंच्या दाराशी ठेवली, आणि बेल वाजवली.