एकतीस डॉलरचा राखीव गडी

२९ ऑगस्ट २०१५ च्या शनिवारी एमिल द्रोबनीने ओटिस ब्रनर या राखीव खेळाडूवर एकतीस डॉलर घालवले. डॉलर खोटे होते, पण मूर्खपणा खरा आहे, यावर झिग्गीच्या बारमध्ये सगळ्यांचं एकमत झालं.

टोलीडोत आमची आठ जणांची लीग आहे. हंगामाआधी प्रत्येकाला दोनशे काल्पनिक डॉलर मिळतात. त्यातून बोली लावून खऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंचा कागदी संघ उभा करायचा, आणि दर रविवारी ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या नावावर. चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याला सोन्याचा भाव. त्याच्या मागे बाकावर बसणाऱ्या राखीव गड्याला मात्र एक-दोन डॉलर. मुख्य गडी ज्याच्याकडे, तोच बहुधा राखीवही विमा म्हणून घेऊन ठेवतो.

त्या वर्षी मार्केल टिडवेल रोझली कुबियाकने घेतला. ब्रनर हा त्याचाच राखीव. तिला तो लागणारच, तेव्हा महागात पडू दे, म्हणून एमिल बोली चढवत गेला. असं आम्ही सगळेच करतो. थांबायचं कुठे हे कळावं लागतं.

"तीस," रोझली म्हणाली.

"एकतीस!" एमिलने टेबलावर हात आपटला.

रोझलीने शांतपणे बिअरचा घोट घेतला. "घेऊन जा. लखलाभ!"

एमिलचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, तू विमा विकतेस ना? मग स्वतः का घेत नाहीस?"

"विकते म्हणूनच कळतं, कधी घ्यायचा नाही ते."

एमिल तेव्हा अठ्ठावन्नचा होता. तरुणपणी काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. ती बंद पडल्यावर तो महापालिकेत लागला. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा, उन्हाळ्यात बागांतलं गवत कापायचा. घरी एकटाच. बायको मार्टा नऊ वर्षांपूर्वी त्याला सोडून गॅरी लिंडक्विस्ट नावाच्या दंतवैद्याबरोबर राहायला गेली. तेव्हापासून एमिलचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत मोजला जायचा. सकाळी तो कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून मोठं पातेलं भरायचा आणि दुपारी ते बारमध्ये घेऊन यायचा. पहिला मान त्याच्या पातेल्याचा, मग सामना.

लीगचा एक नियम कडक होता: जो शेवटचा येईल त्याने खुर्ची सोडायची, आणि प्रतीक्षेत जो पहिला असेल त्याने ती घ्यायची. त्या वर्षी प्रतीक्षेत पहिला होता गॅरी लिंडक्विस्ट.

"माझी बायको नेली, माझं गॅरेज नेलं," एमिल म्हणायचा, "आता खुर्चीपण?"

आणि एमिल हरत चालला. ब्रनर बाकावर बसून पाणी पीत होता. त्याच्या जागी दुसरा कुणी घे, असं आम्ही दर आठवड्याला सांगत होतो.

"कारखान्यात राखीव जनरेटर ठेवतात," मी म्हणालो, "पण त्यासाठी चालू मशीन कुणी विकत नाही."

"जनरेटरवर दर रविवारी तीन-तीन बैल पडत नाहीत," एमिल म्हणाला. "टिडवेल माणूस आहे. थकेल."

"थकेल की पाय मोडेल? खरं सांग, वाट बघतोयस ना?" रोझलीने टोमणा मारला.

हे मात्र खोटं होतं. नोव्हेंबरात एकदा टिडवेल मैदानात आडवा झाला आणि सगळ्यांच्या माना एमिलकडे वळल्या. तो टीव्हीच्या पडद्याजवळ जाऊन पुटपुटत होता, "ऊठ, बाबा, ऊठ." टिडवेल उठला तेव्हा पहिली टाळी एमिलची होती.

टिडवेल सोडला तर रोझलीचे बाकीचे गडीही एकेक करून जायबंदी झाले. शेवटचा रविवार आला, ३ जानेवारी, तेव्हा तळाला दोघंच होते: एमिल आणि रोझली. सामना एकमेकांशी. जो हरेल तो बाहेर.

शहाण्या लीगा त्याआधीच्या रविवारी आटोपतात, कारण ज्या संघांची पुढच्या फेरीतली जागा पक्की झालेली असते ते शेवटच्या सामन्यात आपले मोठे गडी बसवून ठेवतात. पण झिग्गीला बिअर खपवायला आणखी एक रविवार हवा असायचा. टिडवेलच्या संघाची जागा पक्की झालेली होती.

संध्याकाळच्या सामन्याआधी एमिल चौदा गुणांनी मागे होता. टिडवेल उतरला, चार वेळा धावला, रोझलीचे आणखी दोन गुण वाढले. आणि मग तो बाजूला गेला, हेल्मेट काढलं, लोकरी टोपी घातली.

"ए, टोपी काढ!" रोझली किंचाळली. "प्रशिक्षक, वेडा झालास का?"

ब्रनर मैदानात आला. पहिल्या धावेत दोन यार्ड मागेच गेला. बार खिदळला. मग त्याने नऊ काढले. मग चौदा. मग एकाला खांद्याने उडवून थेट गोलरेषेपार! एमिल खुर्चीवर उभा राहिला. मैदानात ब्रनरचा संघ पुढे होता, त्यामुळे वेळ खाण्यासाठी चेंडू पुन्हापुन्हा त्याच्याच हातात येऊ लागला. रोझली-एमिलमधलं गुणांचं अंतर दहावर आलं, सातवर, पाचवर. तीन मिनिटं उरली आणि चेंडू गोलरेषेपासून आठ यार्डांवर.

"आता न धावता नुसता गुडघा टेकून वेळ काढतील, संपवतील," रोझली हात जोडून म्हणाली.

"टेकू नका! द्या! ब्रनरकडे द्या!" एमिल.

ब्रनरला चेंडू मिळाला. डावीकडे भिंत, तो उजवीकडे वळला, एकाच्या हातून निसटला आणि दोघांना अंगावर घेऊन रेषेवर कोसळला. पंचांचे दोन्ही हात वर! सहा गुण. एमिल एका गुणाने जिंकला आणि माझ्या गळ्यात पडला. मागून बिअरचा अख्खा जग माझ्या नव्या लोकरी पँटवर.

वाद मिटला नाही ते नाहीच. "एका रविवारसाठी एकतीस डॉलर!" रोझली कोट घालताना म्हणाली. "अजूनही मूर्खपणाच."

"पण खुर्चीवर मी आहे."

"आणि माझ्या खुर्चीवर गॅरी बसणार. तुझ्या समोरच."

एमिलचा घास हातातच राहिला. कुणी ना कुणी शेवटचं येणारच होतं, म्हणजे गॅरी येणारच होता. अख्ख्या हंगामात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. एमिलने पातेलं रोझलीकडे सरकवलं. मग म्हणाला, "रोझली, पुढच्या वर्षी माझा संघ दोघं मिळून चालवू. त्याच्यासमोर मी एकटा बसणार नाही. आणि भांडायला तुझ्यासारखं दुसरं कोण आहे?"

"पण राखीव गड्यांवर बोली मी लावणार," ती म्हणाली आणि कोट काढून पुन्हा बसली.

पुढची चार वर्षं तो संघ दोघांनी भांडत चालवला. एकदा दुसरे आले. गॅरी तिसऱ्या वर्षी शेवटचा येऊन गेला.

माझ्या पँटच्या ड्रायक्लीनिंगचे साडेअकरा डॉलर एमिलकडून अजून यायचे आहेत.