दुपारच्या पहाऱ्याची वीणा

डॉक्टरांनी पडद्यावर तीच नस दुसऱ्यांदा अरुंद झालेली दाखवली, तेव्हा देवावरचा माझा विश्वास उडाला असं नाही, पण त्याच्याशी बोलावंसं वाटेनासं झालं. बायपासला बरीच वर्षं झाली होती. पायातली नस काढून हृदयाला जोडली, पुढे तीही आतून भरत आली, म्हणून अकोल्याला तिच्यात स्टेंट टाकला. तेव्हा आम्ही घरोघरी पेढे वाटले होते. आता स्टेंटच्या तोंडाशीच पुन्हा अडथळा. "काका, अजून एकदा वाट मोकळी करू," डॉक्टर म्हणाले, "पण जोडलेली नस जुनी झाली की हे परत होऊ शकतं. किती टिकेल ते सांगता येत नाही." कळवतो म्हणालो आणि आसेगावजवळच्या आमच्या गावी परत आलो. पुन्हा पोरांनी कामं सोडून धावायचं, बायकोनं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायचं, आणि नस पुन्हा बंद व्हायची. मला त्या सगळ्याचा वीट आला होता.

गावात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा सातही दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि धरणारा उभ्यानं नाम घेतो. त्याला पहारा म्हणतात. दुपारचा पहारा कित्येक वर्षं माझा होता. बायको म्हणाली, "आता कायले उभं राह्यता? बसून नाव घेतलं त देवाले आयकू येत नाही का?" मी ऐकलं नाही. खरं सांगतो, मला बरं व्हायचंच नव्हतं. वीणा गळ्यात असताना गेलो तर सुटलो, असं मनात होतं. ते मी तिला बोललो नाही.

पलीकडे पंगत बसली होती आणि मंडपात मी एकटा होतो. कळ छातीतून जबड्यात चढली, डावा हात जड झाला. जिभेखाली ठेवायची गोळी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात होती. वीणा खाली ठेवली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. पण हात होईना. मरायला म्हणून उभा राहिलेला मी आता मरणालाच भीत होतो, तोंडातून नामही नीट निघत नव्हतं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

शेलूबाजारच्या जीपची वाट पाहणारी एक बाई पाणी प्यायला मंडपात आली. ओळखीची नव्हती. माझ्याकडे पाहून ती तांब्या ठेवून पुढे आली.

"बाबा, इतका घाम काहून आला तुमाले? द्या ते इकडं."

आमच्याकडे बायका वीणा घेत नाहीत. मी मान हलवली. "तुले नाही जमत बाई."

"वाजवता नाही येत मले," ती म्हणाली, "पण धरता त येते."

तिनं वीणा माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली, मी बोट दाखवलं तो सदरा आणून दिला आणि तिथंच उभी राहून बेसूर आवाजात रामकृष्णहरी म्हणू लागली. मी गोळी जिभेखाली ठेवली आणि खांबाला टेकून रडलो. पंगतीतली माणसं आली, पुढच्या पहारेकऱ्यानं तिच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली, मला गाडीत घातलं. नंतर चौकशी केली, पण ती कोण, कुठली, कोणालाच ठाऊक नव्हतं. जीप आली असेल, गेली असेल.

त्याच नसेत दुसरा स्टेंट बसला. डॉक्टर आजही खात्री देत नाहीत आणि मीही विचारत नाही. जिना चढताना छातीत जरा आवळलं की जीव घाबरा होतो. हे भय गेलेलं नाही, जाईल असंही वाटत नाही. देवानं मला बरं केलं असं मी कुणाला सांगत नाही.

एवढंच सांगतो, की मी वीणा धरून होतो म्हणून नाम चालू आहे असं इतकी वर्षं समजत होतो. ती माझ्या गळ्यातून गेली आणि नाम थांबलं नाही. हे मरणाच्या आधी देवानं मला ऐकवलं, त्याचे उपकार मानून मी रोज रात्री पाठ टेकतो.