झोफ्का मावशीचा सतरा नंबरचा शिक्का

झोफ्का मावशीला कोणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. कँटीनमध्ये एकानं तिच्या कामाला 'पगारी विणकाम' म्हटलं, तर मी त्याची कोबीच्या सूपची वाटी खाली पाडली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सांगायची लाज वाटते.

तोल्मिन गावातल्या आमच्या कारखान्यात विजेचे मीटर बनतात. मीटरच्या पोटात नखाएवढा एक तुकडा असतो. तो एक ठरलेलं व्होल्टेज देत राहतो आणि मीटर बाकी सगळं त्याच्याशी ताडून मोजतो. कडक थंडीत त्याचं व्होल्टेज जरासं जरी घसरलं, तरी मीटर जास्त युनिट दाखवतो. घरातल्या विजेचं व्होल्टेजही जास्त मोजलं जातं, करंटही, म्हणजे चूक दुप्पट. म्हणून प्रत्येक खेपेतले काही मीटर गार कपाटात घालून उणे पंचवीसला तपासतात.

कपाटातली हवा पंचवीस मिनिटांत तेवढी गार होते. मीटरच्या पोटाला अडीच तास लागतात. एकतीस वर्षं मावशी ते अडीच तास बसत आली, मोजे विणत. तिचं खरं काम थांबणं हेच होतं, पण ते लोकांना दिसायचं नाही.

मी शाळा अर्धवट सोडलेला. मला कोणी ठेवून घेत नव्हतं, तर ही आमच्या विभागाच्या ब्रेगर साहेबांशी भांडली. म्हणाली, "पोराचा हात चांगला आहे. बूड टिकत नाही, ते मी बघते."

नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना तिनं तपासलेल्या खेपेच्या कागदावर मारायचा आपला सतरा नंबरचा शिक्का माझ्या हातात दिला.

"गाश्पर, अडीच तास. फोन बघ, झोप काढ, काय वाटेल ते कर. पण आधी मोजू नकोस."

"मी काय लहान आहे का मावशी?"

मी कपाट चालू केलं. पंचवीस मिनिटांनी त्याच्या पडद्यावर उणे पंचवीस आलं. बाहेर मित्र मोटारसायकल घेऊन उभा होता. मी मोजलं, सगळे मीटर पास. तिचा शिक्का मारला आणि सटकलो.

मार्चमध्ये वर डोंगरातल्या एका गावातले चाळीस मीटर परत आले. गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या मीटरपेक्षा घरांच्या मीटरांची बेरीज हिवाळाभर जास्त येत होती. आम्ही ते पुन्हा कपाटात घातले, पुरे अडीच तास. सगळे नापास.

ब्रेगर साहेबांनी त्या खेपेच्या तपासणीचा नोव्हेंबरचा कागद पुढे सरकवला. "सतरा नंबर तुझा ना झोफ्का? रिटायर व्हायची एवढी घाई झाली?"

मावशीनं कागदावरच्या वेळा वाचल्या. कपाट चालू एक वाजता, मोजणी एक पंचवीसला. तिला कळलं. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"शिक्का माझाच आहे," म्हणाली.

मी तिथंच उभा होतो, तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर.

तिला पॅकिंगला टाकलं. रिटायर व्हायला अकरा महिने राहिले होते. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, आता खोक्यांना मोजे घालेल." मी ताटात बघून जेवत राहिलो. कुठल्या तोंडानं भांडणार?

चौथ्या दिवशी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "त्या दिवशीचा तिचा रजेचा अर्ज माझ्याकडेच आहे. पण शिक्का दुसऱ्याच्या हातात दिला ना तिनं? ती पॅकिंगलाच राहील. कपाटाला दुसरा माणूस नाही, तू बस."

म्हणजे केलं मी, आणि जागाही मलाच.

कपाट चालू करून मी पॅकिंगला गेलो. मावशी खोक्यांना टेप लावत होती.

"मावशी, मी साहेबांना सांगितलं. मीच केलं म्हणून."

"बरं."

"ते म्हणाले..."

"तीन दिवस माझ्या शेजारी बसून बसनं घरी आलास," ती म्हणाली. "फुटबॉलबद्दल बोलत होतास. मला आधी सांगायचंस रे."

मी टेपचं दुसरं टोक धरायला गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं कपाट चालू असेल. जा, बस तिथं."

मी गेलो.