रोहण्याहून बुडापेस्टला

युरोपचा विषय दीपमालानेच काढला, आणि तोही मेथी निवडता निवडता. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या घरात रविवारची जेवणं नुकतीच आटोपली होती. चौघं एकत्र जेवलीत असं आता क्वचितच घडायचं. नवरा रुपेश वीज कंपनीत लाइनमन. कधी कुठून फोन येईल याचा नेम नसे. मुलगा पियुष नागपुरात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मुलगी रोशनीला कॉलेजातूनच पुण्यात नोकरी लागली होती आणि जुलैत तिला रुजू व्हायचं होतं.

"ह्या उन्हाळ्यात लांब जाऊ कुठंतरी," दीपमाला म्हणाली. "युरोपले."

रुपेशने पेपर खाली केला. दीपमाला सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आणि इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं घरात कुणाला आठवत नव्हतं. ड्यूटीवरून आली तरी तिचे हात थांबत नसत. टीव्ही बघतानाही मांडीवर सूप असायचं. यंदा पगाराची थकबाकी एकदम हातात आली होती. पोरं पांगण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून कुठंतरी जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

वर्ध्यातल्या एका एजंटाने रंगीत पत्रक दिलं. दहा दिवसांत सात देश. पियुषने ते उलटसुलट करून पाहिलं.

"मम्मी, यात नुसतं बसमध्येच बसून राह्याचं आहे. सकाळी बॅगा भरा, उतरा, फोटो काढा, परत बसा."

रोशनीला पॅरिस हवं होतं. नववीत असल्यापासून तिच्या कपाटाच्या दाराला आतून त्या शहराचा एक फोटो चिकटवलेला होता. पण उन्हाळ्यातल्या पॅरिसमध्ये चौघांना साधी खोलीही परवडेना. स्वित्झर्लंडचं तर नावच पियुषने पुन्हा काढलं नाही. तो हळूहळू पूर्वेकडे सरकत गेला. क्राकोव, प्राग, बुडापेस्ट.

"इथं स्वयंपाकघरासकट घर भाड्यानं भेटते," तो म्हणाला. "सात देश नको. एकाच गावात राहू आणि पायी फिरू."

"पण तिथं आहे काय?" रोशनीने विचारलं.

पियुषने मोबाइलवर हंगेरीतल्या बुडापेस्टचं एकेक दाखवायला सुरुवात केली. नदी, पूल, टेकडीवरचा किल्ला, गरम पाण्याची कुंडं. मग एक छोटी आगगाडी दिसली, झाडीतून वळणं घेत चाललेली. इंजिन मोठी माणसं चालवतात, पण तिकीट तपासणं, गाडीला निरोप देणं ही कामं शाळेतली पोरं करतात, असं तो वाचून सांगत होता. "रूळ पाह्य मम्मी, किती जवळ जवळ आहेत. आपल्या पुलगाव-आर्वीच्या गाडीसारखे."

दीपमालाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "मागं घे जरा," ती म्हणाली. "परत दाखव."

ती मूळची रोहण्याची. तिचे वडील गुलाबराव पुलगाव-आर्वीच्या त्या छोट्या लायनीवर गँगमन होते. गाडी रोज घराजवळून जायची, पण दीपमाला तिच्यात बसली ती मोजून तीन-चारदाच, आठ वर्षांची असताना, आईबरोबर. आई म्हणजे लीलाबाई. घरी ती कधी बसलेली दिसायची नाही. निंदणाला जाऊन आली की चूल, चुलीवरून उठली की भांडी, आणि काहीच नसलं तर गोधडी. गाडीत मात्र ती खिडकीशी बसायची, हात पदराखाली घेऊन, अगदी निवांत. पुलगाव येईपर्यंत काही करायची नाही. कोळशाचे कण आत यायचे, दीपमाला तिला टेकून बसायची. त्याच वर्षी आई गेली. पुढे गाडीही बंद पडली. दीपमालाच्या मनात दोन्ही एकाच ठिकाणी राहिल्या.

यातलं तिने पोरांना काही सांगितलं नाही. "ही गाडी पाहाची आहे मले," एवढंच म्हणाली.

रोशनीचा चेहरा उतरला. "रोहण्यात होती तशी गाडी पाहाले आपण हंगेरीत चाललो? लोकं हसतीन."

"मग राहू दे. तुह्या पॅरिसचंच पाहू काही."

"रोशनी," रुपेश हळूच म्हणाला, "तुही मम्मी पहिल्यांदा काही मागून राह्यली."

रोशनी उठून आत गेली. तासाभराने बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "करून टाक बुकिंग."

तिकिटं झाली, मुंबईला जाऊन व्हिसाचं झालं, आणि रुपेशची रजा नामंजूर झाली. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटायच्या, खांब तपासायचे. मे महिन्यात लाइनमनला कोण सोडणार? दीपमाला म्हणाली, रद्द करू. रुपेशने ऐकलं नाही. "मी आता निघालो तं वादळात अर्धा तालुका अंधारात बसन. तुम्ही जा. मले फोन करजो रोज."

जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती वडिलांना भेटायला रोहण्याला गेली. गुलाबराव ओसरीवर बाजेवर पडले होते. तिने उशाशी बसून गाडीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिला आणि फोन परत दिला.

"तुले त्या गाडीचं एवढं काऊन वाटते, बाई? मी तं उन्हात पटऱ्या ठोकल्या तिच्या. मले स्वप्नातही नको ते."

"आईसोबत बसलेली आठवते, बाबा. आई किती निवांत बसे."

गुलाबराव बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "निवांत कुठची? पुलगावच्या डॉक्टरले दाखवाले नेत होतो तिले. हातातलं बळ गेलतं तिच्या. पिशवीचा बंद धरता येत नव्हता. तुले दिसू नाई म्हणून हात पदराखाली घेऊन बसे."

रोज दवाखान्यात असे हात दीपमालासमोर यायचे. तिला पुढचं विचारावं लागलं नाही. आधी बोटं, मग मनगट, मग घास तोंडाशी न्यायचीही चोरी. बसमध्ये परतताना तिला वाटलं, आता ती गाडी पाहूच नये. इतकी वर्षं ज्याला आईचा विसावा समजत आले, तो विसावा नव्हताच.

तरी ती गेली. बुडापेस्टच्या घरात पोचल्यावर तिने सवयीने आधी भांडी विसळायला घेतली, तर रोशनीने नळ बंद केला. "इथं तू काही कराचं नाई." पियुषने खिचडी लावली, ती खाली लागली, आणि तिघांनी ती तशीच खाल्ली. दिवसा ते चालायचे. वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या घरात होता आणि इथे दीपमालाला स्वेटर घालावा लागत होता. संध्याकाळी नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलं की दोन्ही पोरं दोन बाजूंना आपापल्या फोनमध्ये असायची. ती मधे बसून पलीकडच्या तीरावरचे दिवे बघायची आणि रुपेश जेवला असेल का याचा विचार करायची. गाडीचं नाव तिने काढलं नाही. चौथ्या दिवशी पियुषनेच काढलं.

टेकडीखालच्या स्टेशनवर एका दहा-बारा वर्षांच्या मुलीने तिकिटं तपासली आणि गाडी सुटताना ताठ उभं राहून सलाम केला. पियुष व्हिडिओ काढायला उघड्या डब्यात गेला. दीपमाला खिडकीशी बसली, रोशनी तिच्या शेजारी. गाडी हलली. रुळांच्या सांध्यांवर चाकांचा आवाज होता तोच. बाहेर कपाशी नव्हती, उंच हिरवी झाडं होती, आणि कोळशाचा वासही नव्हता. तरी तो आवाज पुरेसा होता.

"मम्मी, थंडी वाजते का?" रोशनीने विचारलं.

"नाई. काऊन?"

"हात ओढणीखाली घेऊन बसली म्हणून."

दीपमालाने खाली पाहिलं. हात कधी आत गेले ते तिलाही कळलं नव्हतं. मग तिने सांगायला सुरुवात केली. आईचं, पुलगावचं, गाडीतल्या त्या निवांतपणाचं आणि बाबांनी ओसरीवर जे सांगितलं त्याचं. गाडी एका बोगद्यातून गेली, पुढच्या स्टेशनात थांबली, पुन्हा निघाली. रोशनीने मधे एकदाही फोनकडे पाहिलं नाही.

"आजीनं तुले सांगाले पाहिजे होतं," शेवटी ती म्हणाली.

"आठ वर्षांची होती मी."

"तरी." रोशनीने ओढणीखालून आईचा एक हात बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर घेतला. "माह्यापासून तू लपवजो नको. काही दुखलं-खुपलं तं सांगजो."

"सांगन."

परतीच्या गाडीत पियुषही आत येऊन बसला. बाकडं अरुंद होतं, तिघं दाटीवाटीने मावली. उतरायची वेळ आली तेव्हा दीपमाला आणखी थोडा वेळ बसून राहिली, इतकी की डबा झाडायला आलेला माणूस दारात थांबला. आई निवांत नव्हती हे खरं. पण तिला टेकून बसलेली मुलगी निवांत होती, आणि आईला तेवढंच हवं होतं, हे तिला आता कळत होतं. आईला ते विचारता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तिने बॅग खांद्याला लावली आणि पोरांमागे उतरली.

जुलैत रोशनी पुण्याला गेली. वर्धा स्टेशनवर तिला बसवून दिल्यावर दीपमाला थेट ड्यूटीवर गेली. पहिले काही आठवडे फोनवर दोघी एकमेकींना बरं आहे, बरं आहे असंच सांगत राहिल्या. मग एका रविवारी रोशनीने विचारलं, "आज काय केलं, मम्मी?"

"काही नाई," असं म्हणता म्हणता दीपमाला थांबली. मग म्हणाली, "कंबर दुखून राह्यली दोन दिवसांपासून. रात्री झोप नाई लागत. आणि तुह्या खोलीत गेलं की मले करमत नाई."

पलीकडून रोशनी म्हणाली, "मलेही नाई करमत इथं." त्या दिवशी त्या दोघी खूप वेळ बोलल्या. रुपेश दोनदा दारात येऊन गेला. निघून ये, असं दीपमालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट आत्ताच काढजो. मग भेटत नाई."