माळ्यावरचं साडीगार्ड

माळा आवरताना फडक्यात गुंडाळलेलं साडीगार्ड पुन्हा हाती लागलं आणि जुन्या ऑइलचा वास नाकात भरला. लग्नानंतर जुनी मोटारसायकल घेऊन राजारामपुरीतल्या सलीम मिस्त्रींकडे ती नव्यानं सजवत होतो. मागच्या चाकाची ही जाळी सोडवताना ते थांबले.

"पावणं, ही ऱ्हाऊ द्या. घरात बाईमाणूस हाय की!"

"काढा वो. गाडी म्हातारी दिसत्या."

पाना क्षणभर तसाच राहिला, मग फिरला.

आठवड्यानं बायकोचा, सुमनचा, पदर चाकात गेला. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. हिनंच पदर सांभाळला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. हळूहळू तीही तसंच सांगू लागली.

"काय घावलं वो?" सुमननं खालून विचारलं.

दरवर्षी मी जाळी पोत्याखाली सारतो. आज ती घेऊन शिडी उतरलो.