कमळाक्काची सुतळी

टक्, टक्, टक्, आणि मग एकदम डब्. वाकवलेल्या बोटाच्या पेराने आमच्या स्वयंपाकघराची भिंत वाजवत ती बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाली होती. भरीव गिलाव्याचा आवाज कोरडा आणि आखूड येई. पोकळ गिलाव्याचा मात्र पाण्यात घागर बुडताना येतो तसा, पोटातून. मोरीपाशी आल्यावर ती थांबली, भिंतीला कान लावून पुन्हा एकदा वाजवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत समदी पोकळ हाय ही. वरनं पावडर लावून बसलीया."

कमळाक्काची आणि माझी ओळख अशी त्या आवाजाने झाली. ती गवंडीकामाची कंत्राटे घेई. राहायला पिरनवाडीत. माझ्या शाळेतल्या शिपाईबाईंनी तिचे नाव सुचवले तेव्हा कंत्राटदार बाई आहे हे सांगायचे त्या विसरल्या होत्या, त्यामुळे दारात स्कूटी लावून, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेली, अंबाड्यात चपटी लाल पेन्सिल खोचलेली साठीची बाई उभी राहिली तेव्हा मी तिला, "कंत्राटदार कधी येणार?" असे विचारले. "आला की," असे म्हणून ती सरळ आत गेली.

स्वयंपाकघराचे काम टाळण्याजोगे उरले नव्हते. ओट्याचा कडाप्पा आडवा तडकला होता, नळ भिंतीच्या आत कुठेतरी झिरपत होता, आणि त्या ओलीने गुळगुळीत झालेल्या फरशीवर आई एकदा घसरली होती. आईची नजर काचबिंदूने हळूहळू नेली, त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. तरीही रोजचा स्वयंपाक तीच करी. त्या घसरण्याने मी घाबरले आणि ठरवून टाकले: नवे स्वयंपाकघर करायचे, स्वयंपाकाला बाई ठेवायची, आईने आता बसून राहायचे. साडेतीन लाख रुपये मी त्यासाठी बाजूला काढले होते आणि एका दुकानातून संगणकावर काढलेले रंगीत चित्रही आणले होते. त्या चित्रात काचेच्या दारांची कपाटे होती, धूर ओढणारी चिमणी होती, छताखाली छत होते आणि त्यातून मधासारखा उजेड पाझरत होता.

कमळाक्काने ते चित्र लांब धरून, मग जवळ धरून पाहिले. "झ्याक हाय की," ती म्हणाली. "पण ह्यात मावशी कुठं हाय?"

"आई आता स्वयंपाक करणार नाही. तिला विश्रांती द्यायची आहे."

"त्यास्नी इचारलासा?"

मी विचारले नव्हते. उत्तर पलीकडच्या खोलीतून आले. "इचारायचं कशाला?" आई म्हणाली. "आंधळ्या माणसाला ईस्रांती मागावी लागत न्हाय. लोक आणून देत्यात."

कमळाक्का हसली नाही. चित्राची घडी घालून तिने माझ्या हातात दिली. "उद्या सकाळी मावशीला भाकरी करू द्या. मी बसून बघणार. आकडा त्याच्यानंतर."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि ओट्यापासून दोन हातांवर पाट टाकून बसली. आईला मी रोज पाहत होते, पण त्या सकाळी पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसून पाहिले. आईचा डावा हात कडाप्प्याच्या कडेवरून कधी सुटत नव्हता. नदीकाठाने चालणाऱ्याला नदीची असते तशी तिला त्या कडेची सोबत होती. तवा तापला की नाही हे ती तळवा वीतभर वर धरून ओळखी. भाकरी फुगताना वाफेचा बारीक सुस्कारा निघतो. तो ऐकून ती उलथने घेई. मिठाची बरणी, पिठाचा डबा, पाण्याचा तांब्या यांच्यामधली अंतरे तिच्या मनगटात मुरलेली होती.

मग कमळाक्काने पिशवीतून सुतळीचे गुंडाळे काढले. जमिनीपासून आईच्या कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. शेगडीपासून नळापर्यंत धरली, गाठ मारली. आईचा हात वर जिथवर सहज पोहोचतो तिथवर धरली, पुन्हा गाठ.

"टेप नाही का तुमच्याकडे?" मी विचारले.

"हाय की. टेप दगडाला. माणसाला सुतळी."

"गुदगुल्या करू नको गं," आई कोपर आक्रसून म्हणाली. "आन मापं घेऊन झाली असतील तर खा. गरम हाय तवर."

कमळाक्काने सुतळी गुंडाळून ठेवली. मग हात धुऊन तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि भाकरी मोडताना, हवापाण्याची गोष्ट सांगावी तशा आवाजात मला म्हणाली, "मी बांधलेल्या कितीक घरांत शेगडी पेटल्यावर मला सैपाकघरात कुणी घेतलं न्हाय, ताई. तवर मात्र मीच मालकीण." एवढे बोलून तिने आईकडे आणखी ठेचा मागितला.

तिची हकीकत मला अशी तुकड्यातुकड्यांतच कळली. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शेडांचे बांधकाम चालू होते तेव्हा ती डोक्यावर घमेली वाहणारी बिगारी होती. एके दिवशी गवंडी आला नाही, भिंत अर्धी होती, माल कालवून तयार होता आणि सुकत चालला होता. तिने थापी उचलली. मुकादम ओरडला, बाईच्या हातची भिंत वाकडी येणार. "म्या म्हटलं, ओळंबा सोडा. वाकडी निघाली तर महिन्याचा पगार ठेवून घ्या. सरळ निघाली तर उद्यापासनं घमेलं दुसऱ्याच्या डोक्यावर." भिंत सरळ निघाली. पुढे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तिने दोन्ही मुलींना शिकवले, रात्रशाळेत स्वतःही सातवीपर्यंत पोहोचली, आणि मिळालेल्या अक्षरांचा पहिला उपयोग अंदाजपत्रके लिहिण्यासाठी केला.

ही अंदाजपत्रके ती कागदावर लिहीत नसे. आमच्या जेवणघराच्या भिंतीवर, अंबाड्यातल्या लाल पेन्सिलीने, तिने सगळा खर्च एकाखाली एक मांडला. "कागद हरवतो, बदलतो. भिंत कुठं जाती? जेवताना रोज बघा आन रोज भांडा माझ्याशी. शेवटचा रंग ह्या आकड्यांवर लागणार." मी खरोखरच रोज भांडले. गिलावा नव्याने करणे, सगळे पाईप बदलणे, मोरीचा उतार नव्याने काढणे, खरखरीत फरशी यांतच अर्ध्याहून अधिक पैसे जात होते. माझे मधाळ उजेडाचे छत तिने पहिल्याच दिवशी खोडले होते.

"दिसायला काहीच राहत नाही, कमळाक्का."

"टाईल्स पाव्हण्यास्नी दिसत्यात. पाईप तुमास्नी दिसंल, फुटल्यावर."

ग्रॅनाइटच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेले. मालक कानडीत भाव सांगत होता, आरशासारख्या चकाकत्या लाद्या दाखवत होता. कमळाक्काने त्याच्या दुप्पट वेगाने कानडीत उत्तरे दिली आणि तो फारच रंगात आला तेव्हा तळहात दाखवून म्हणाली, "साकु." पुरे. मग साधी काळी लादी निवडून तिने आपल्या मागण्या सांगितल्या: पुढची कड बोटभर उचललेली, कोपरे गोल, आणि कडेवर दोन ठिकाणी नखाला लागेल एवढी खाच, एक जिथे शेगडी येणार तिथे, एक जिथे नळ. दुकानदाराने इतक्या वर्षांत असली मागणी ऐकली नव्हती. "डिझाईन हाय काय हे?" त्याने विचारले. "व्हय," कमळाक्का म्हणाली, "लई महागाचं हाय."

जुना ओटा फुटला तेव्हा आई दिवसभर खोलीत बसून ते घाव ऐकत होती. संध्याकाळी कमळाक्काने तिच्या हातात गाठींची सुतळी दिली. आईने एकेक गाठ चाचपली आणि म्हणाली, "हे माझं नळाचं." त्यानंतर ती जेवली.

आता मी केलेल्या चुकीविषयी. ओट्याचे बांधकाम सुरू असताना कमळाक्का बहिणीच्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस लोंढ्याला गेली. जाताना भिंतीतल्या खिळ्याला सुतळी टांगून म्हणाली, "हिच्या मापानं काम चालू द्या." माझी कंबर त्या दिवसांत दुखत होती. चित्रवाल्या दुकानात मला कुणी सांगितले होते की हल्ली ओटे उंच करतात, बुटका ओटा जुनाट दिसतो. मी गवंड्याला म्हटले, चार बोटे उंच घ्या. त्याने सुतळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. घर माझे होते. त्याने उंच घेतला, आणि दुसऱ्या दिवशी वर लादीही बसली.

कमळाक्का परतली. खिळ्यावरची सुतळी काढून तिने जमिनीपासून ओट्याला लावली. आईच्या कोपराची गाठ दगडाच्या खाली, चार बोटांवर लोंबत राहिली. ती ओरडली नाही. तिने नुसती हाक मारली, "मावशी, या जरा."

आई आली. तिचा डावा हात कडेवर पडला आणि खांदा वर चढला. उजवा हात तिने तवा तापल्याचे पाहायला धरते तसा हवेत धरला. एवढ्या उंचीवर त्याला कोपराचा आधार नव्हता. थोडा वेळ तिने दगड चाचपला. मग माझ्या दिशेने वळून अगदी मायेने म्हणाली, "चांगलं केलंयस गं. आता तूच करत जा." आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेली. सहा वर्षांत त्या घरात तिने भिंत धरलेली मी पाहिली नव्हती.

"शाबासकी मिळाली तुमास्नी," कमळाक्का म्हणाली. "कळली न्हवं?"

मी रडू लागले. ते थांबेपर्यंत ती ओल्या फडक्याने थापी पुसत राहिली. मग मला आकड्यांच्या भिंतीपाशी नेले. लादी उचकटणे, ओटा फोडणे, पुन्हा बांधणे याचा खर्च तिने खाली लिहिला आणि त्याच्या मधोमध रेघ मारली. सगळा खर्च माझा, असे मी म्हटले.

"न्हाय. माझ्या माणसानं माझी सुतळी सोडून तुमचं ऐकलं. त्याला धाक घातला न्हाय त्यो माझा दोष. निम्मं माझं." तिने पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुमच्या निम्म्यासाठी काय खोडायचं ते तुमच्या हातानं खोडा."

मी काचेच्या दारांची कपाटे खोडली. पेन्सिल इतकी जोरात चालली की रंगाचा पोपडा उडाला. "हळू," ती म्हणाली, "रंगाचा आकडा वाढंल." आणि मग, जाता जाता, "तुमची कंबर ओट्यानं दुखत न्हाय, वह्या तपासून दुखतीया." तरी चार दिवसांनी तिने सुताराकडून एक जाड फळी करून आणली, खाली पाय लावलेली. "तुमास्नी उंच पायजे तवा ही ओट्यावर ठेवायची. काम झालं की काढायची. मावशीच्या वाटंत सोडायची न्हाय."

आता कमळाक्का निपाणीला, वकिली करणाऱ्या थोरल्या मुलीकडे असते. गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून कंत्राटे घेणे बंद केले. लग्नाकार्याच्या घरी गेली तरी म्हणे हात पाठीमागे बांधून उभी राहते, नाहीतर बोट आपोआप भिंत वाजवते आणि यजमान नाराज होतात. लोक मला आमच्या स्वयंपाकघराचा खर्च विचारतात. मी आकडा सांगते, पण तो सांगून काहीच सांगितल्यासारखे वाटत नाही, कारण त्यात ती सकाळ येत नाही.

काम संपल्याची सकाळ. भिंतीवरच्या आकड्यांवर आदल्या दिवशी रंग लागला होता आणि घरभर त्याचा कच्चा, थंड वास होता. कमळाक्का पिशवी खांद्याला लावून मोरीशेजारी उभी होती. तिला त्याच दिवशी खानापूरच्या कामावर जायचे होते. "मावशी, चहा घेऊन मगच जाणार," ती म्हणाली.

आई उंबऱ्यापाशी थांबली. तिने पायाने खरखरीत फरशी अजमावली. दोन पावले, आणि डावा हात कडेवर उतरला, खांदा न उचलता. बोटे दगडावरून चालत गेली, पहिल्या खाचेत नख अडकले, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने शेगडीची कळ फिरवली. ज्योत भक्कन पेटली. दुसरी खाच, नळ, पातेल्यात पडणाऱ्या पाण्याचा चढत जाणारा स्वर; नेमक्या जागी तो तोडला. साखर, पत्ती, आले. चहा कपात ओतताना तिने मान किंचित कलती केली. कप भरत येताना त्याचा आवाज बारीक होत जातो, तो तिला ऐकायचा होता.

भरलेला कप घेऊन ती कमळाक्काच्या दिशेने वळली. वाफ तिच्या चेहऱ्यापुढून वर जात होती. मधे चार पावलांची नवी, अनोळखी फरशी होती, चहा काठोकाठ होता, आणि माझे दोन्ही हात न राहवून कपासाठी पुढे झाले. त्यांची चाहूल तिला लागली असावी. ती थांबली नाही.

"सरक."